पाठीची शिवण

मास्तरांच्या दुकानावर पाटी होती, ‘जुने सूट उलटे करून मिळतील.’ पाटी लागली त्या दिवशी शेजारचा न्हावी कमरेवर हात ठेवून ती वाचत उभा राहिला आणि म्हणाला, “मास्तर, माझ्या सासऱ्याला घेऊन येऊ का? बाहेरून पार विटलाय, आतून कदाचित बरा निघेल.” तेव्हापासून गल्लीत त्यांचं नाव उलटे मास्तर पडलं. ते स्वतःही त्या नावाला ओ द्यायचे.

सूट उलटा करणं म्हणजे चेष्टा नव्हे. चांगल्या लोकरीच्या कापडाला बाहेरून ऊन लागतं, कोपरं झिजून चकाकतात, पण आतली बाजू अस्तराखाली कोरी राहिलेली असते. म्हणून सगळा सूट टाका न् टाका उसवायचा, तुकडे धुवायचे, इस्त्री करायचे आणि आतलं बाहेर करून पुन्हा पहिल्यापासून शिवायचा. नव्यासारखा दिसतो. लबाडी उघडी पडते ती एकाच ठिकाणी. डाव्या छातीवरचा खिसा उजवीकडे येतो. जुनी काजं रफू करून बुजवता येतात, खिसा हलवता येत नाही. कापडाच्या टंचाईत शहरातले निम्मे कारकून उजव्या छातीशी वर्तमानपत्र धरून चालायचे, ते त्यासाठी.

हा धंदा मास्तरांनी आवडीने घेतलेला नव्हता. तरुणपणी ते एका मोठ्या सुटांच्या दुकानात मागच्या खोलीत बसायचे. पुढे गिऱ्हाइकाची मापं घेऊन कापड बेतणारे थोरले मास्तर आणि मागे बाकावर चार कारागीर. मास्तरांच्या वाट्याला कोटाची छाती होती. कोटाच्या पुढच्या भागात, कापड आणि अस्तर यांच्या मधे घोड्याच्या केसांचा जाड कॅनव्हास असतो. तो शेकडो बारीक तिरक्या टाक्यांनी कापडाला धरून ठेवावा लागतो, तेव्हा कुठे कोट अंगावर उभा राहतो. ते टाके बाहेरून कुणाला दिसत नाहीत, पण दर कारागिराचे टाके त्याच्या अक्षरासारखे वेगळे पडतात. बाकावरच्या चौघांना एकमेकांचं काम डोळे मिटून अंगठ्याने ओळखता यायचं.

थोरले मास्तर बोलघेवडे होते. कात्री चालवता चालवता विचारायचे, “कोटाच्या पाठीला खाली फट का असते, सांगा बघू?” कुणी बोललं नाही की स्वतःच सांगायचे, “घोड्यावर मांड टाकता यावी म्हणून. घोडे गेले, फट राहिली. आता कारकून खुर्चीवर मांड टाकतात.” गुडघ्यापर्यंतचे लांब कोट शिवायला येणारे शेवटचे दोन-तीन म्हातारे मास्तरांनी तिथेच पाहिले. मग आखूड कोट सगळ्यांच्याच अंगावर आला, आत जाकीट, खाली त्याच कापडाची पँट. कापड इतकं जड असायचं की पँट भिंतीशी उभी केली तर उभी राहील. पुढे खांदे रुंद झाले, कॉलरची पाती टोकदार होऊन खांद्याकडे चढली, बटणांच्या दोन रांगा आल्या. कुठल्या सालात काय आलं आणि काय गेलं, ते मास्तरांच्या डोक्यात असं बसलं की कोट नुसता पाहिला तरी तो किती वर्षांचा आहे हे ते सांगत.

मग लढाई आली. लोकर सैन्याकडे जाऊ लागली आणि फर्मान निघालं. जाकीट शिवायचं नाही, बटणांची एकच रांग, खिशांना झाकण नाही, पँटच्या पायाला दुमड नाही. मोठं दुकान बंद पडलं. मास्तरांनी मागच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या आणि ती पाटी लावली. लढाई संपली, कापड आलं, पाटी उतरली, ते पुन्हा नवे सूट शिवू लागले. याच काळात बायको तापाने गेली. घरात मास्तर आणि मुलगी उरले. मुलगी शाळेतून आली की बापासमोर बसून ब्लेडने शिवणी उसवायची, कापडाला ओरखडाही न येऊ देता. तो तिचा हात पुढे मास्तरांपेक्षाही हलका झाला.

तिचं लग्न ठरलं ते पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आराखडे काढणाऱ्या मुलाशी. शांत, उंच, जरा पोक काढून चालणारा. जावयाचा सूट मास्तरांनी स्वतः बेतला आणि स्वतःच शिवला, तीन आठवडे दुसरं काम न घेता. गडद राखाडी कापड, पोक झाकावं म्हणून पाठीत किंचित सैल आणि आत डाव्या बाजूला एक अरुंद, लांबडा खिसा. जावयाची पट्टी आणि पेन्सिली त्यात बरोबर बसायच्या. मुलगी म्हणाली, “बाबा, खिसा आहे की बोगदा?” जावई लाजून हसला. तो मास्तरांना बाबाच म्हणायचा.

लग्नाला चार वर्षं झाली आणि राज्य बदललं. गणवेशातली माणसं कारभार बघू लागली. कचेरीतल्या काही जणांनी एका अर्जावर सह्या केल्या होत्या, त्यांत जावयाची होती. एका थंडीत सकाळी निरोप आला की वरच्या साहेबांनी बोलावलंय. साहेबांपुढे जायचं म्हणून त्याने सूट घातला. मुलीने कॉलरवरचा दोरा झटकला. तो गेला आणि परत आला नाही. कचेरीत सांगितलं, तो इथे आलाच नाही. ठाण्यावर सांगितलं, असा कुणी माणूस आमच्या यादीत नाही. मुलगी सात महिने या दारातून त्या दारात फिरली. मग भाड्याची खोली सोडून बापाकडे आली, आपल्या जुन्या खुर्चीवर बसली आणि ब्लेड हातात घेतलं.

बाहेरचा माल बंद झाला होता, लोकर मिळेनाशी झाली होती. मास्तरांनी माळ्यावरून जुनी पाटी काढून पुसली आणि पुन्हा लावली.

सप्टेंबरात एक ठेकेदार दुकानात आला. गोरटेला, नीटनेटका, बोलायला गोड. सरकारी गोदामातले बेवारस सूट आहेत, म्हणाला. दर सोमवारी हातगाडीवरून गाठोडं येईल, उलटे करून द्यायचे. अट एकच. “आत खिशात नावाची पट्टी असते ना, ती आधी काढायची आणि जाळून टाकायची. कोट नवा म्हणून जाणार. दुसऱ्याचं नाव कशाला?”

त्या काळी चांगला शिंपी आतल्या खिशात पांढऱ्या फितीवर गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख शाईने लिहून शिवत असे. मास्तरांनी मान हलवली.

पहिलं गाठोडं सोडलं तेव्हा दिसलं की प्रत्येक कोटाची पाठ कापलेली आहे. खालच्या काठापासून सरळ कॉलरपर्यंत, मधल्या शिवणीला लागून. मास्तरांनी विचारलं तेव्हा ठेकेदार म्हणाला, “गोदामात गाठोडी सुऱ्याने उघडतात हो. गडी आडमुठे.” मास्तरांनी पुढचा कोट उचलला. सुऱ्याचा फटका कसा जातो आणि कात्रीची रेघ कशी जाते, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. अंगावरचा कोट बाह्या न काढता उतरवायचा असेल, तर पाठीतूनच कापावा लागतो. माणूस हात वर करत नसेल तर दुसरा उपाय नसतो. हे त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी ते तिथेच ठेवलं. इस्पितळातले असतील, असं स्वतःला सांगितलं. कोटाला पाठीत मधोमध शिवण असतेच. कापलेलं तिच्यात घेऊन टाकलं की कोट बोटभर तंग होतो, बाकी काही कळत नाही. मास्तर ते घेत गेले. गाठोडी सोडायची, उसवायचं, पट्ट्या चुलीत टाकायच्या हे मुलीचं काम, शिवायचं मास्तरांचं. कोटांबद्दल दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हती. थंडी सुरू झाली तोवर दोनशेच्या वर कोट होऊन गेले होते.

एका सोमवारी मुलगी राशनच्या रांगेत अडकली होती, म्हणून गाठोडं मास्तरांनी सोडलं. एकेक कोट झटकून ते टेबलावर टाकत होते. एक उचलला आणि सवयीने छातीवर अंगठा फिरवला. हात थांबला. टाके त्यांचेच होते. जुन्या गिऱ्हाइकाचा असेल, म्हणून त्यांनी कोट उघडला. आत डाव्या बाजूला अरुंद, लांबडा खिसा होता.

ते स्टुलावर बसले. किती वेळ गेला ते त्यांना समजलं नाही. दाराशी चपलांचा आवाज आला तसा त्यांनी कोट टेबलाखालच्या चिंध्यांच्या टोपलीत कोंबला. मुलगी आली, हात पुसून खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “बाबा, आजचे किती?”

“बावीस,” मास्तर म्हणाले. होते तेवीस.

तीन दिवस ते जेवले, झोपले, काम करत राहिले. सुई दोनदा बोटात गेली. मुलगी म्हणाली, “डोळे तपासून घ्या.” चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी दुकानाचं दार आतून लावलं, टोपलीतून कोट काढला आणि तिच्यासमोर टेबलावर पसरला.

मुलीने कोटाला लगेच हात लावला नाही. मग शिंप्याच्या लेकीने पाहावा तसा तो पाहिला. आधी कोपरं, मग बाह्यांच्या कडा, मग कॉलरची आतली बाजू. लांबड्या खिशात दोन बोटं घातली, बाहेर काढली. बोटांना पेन्सिलीची काळी पूड होती. शेवटी तिने कोट पालथा केला. काठापासून कॉलरपर्यंत कापलेलं होतं.

“विकला असेल त्याने,” मास्तर म्हणाले. “थंडीत माणूस भाकरीसाठी...”

“पाठ कापून कोण विकतं, बाबा?”

मास्तरांनी कापलेल्या कडा बोटांनी जुळवून पाहिल्या.

“मला काय कळत नव्हतं?” ती हळू आवाजात म्हणाली. “सप्टेंबरपासून गाठोडी मीच सोडतेय. दर सोमवारी तुमच्या आधी सगळे कोट बघून घ्यायची. त्याचा नाही आला की वाटायचं, म्हणजे तो आहे. म्हणून तर तुम्हाला म्हटलं नाही, हे काम सोडा म्हणून.”

तिने कोटाची घडी घातली. पाठ बाहेर आली होती, म्हणून पुन्हा उलगडून दुसऱ्या बाजूने घातली. मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला तसा तिने तो बाजूला केला, रागाने नव्हे, आत्ता नको अशा अर्थाने. मग म्हणाली, “पट्ट्या आता चुलीत टाकायच्या नाहीत.”

कोट परत द्यायचा प्रश्नच नव्हता, पण गाठोड्याची मोजणी ठेकेदाराकडे होती. मास्तरांनी स्वतःचा सूट उसवला, उलटा केला आणि तेविसावा म्हणून दिला. पुढच्या फेरीला ठेकेदार आला तेव्हा त्यांच्याने राहवलं नाही. “हे कोट कुठून येतात, मला खरं सांगा.”

ठेकेदार हसला. खिडकीतल्या भुसा भरलेल्या कापडी धडावर चढवलेल्या कोटाची कॉलर त्याने बोटाने सारखी केली. “मास्तर, तुम्ही कोट उलटे करता ते झकास करता. बाकी जग सुलटंच राहू द्या. घरात लेक आहे ना तुमच्या?”

ती अजून घरात आहे, हे त्याला माहीत होतं. मास्तरांनी पुन्हा विचारलं नाही. काम सोडलंही नाही. सोडलं असतं तर गाठोडी दुसऱ्या कुणाकडे गेली असती आणि नावं चुलीत. असं ते पुढे सांगायचे, आणि मग स्वतःच म्हणायचे, “भीतीही होती. भीती जास्त होती.” वसंतापर्यंत गाठोडी येत राहिली. मुलगी पट्ट्या उसवायची, खिडकीतल्या त्याच कापडी धडाचा भुसा काढून आत भरायची आणि वरून कापड शिवून टाकायची. मग एका सोमवारी हातगाडी आलीच नाही. त्यानंतर ठेकेदार कुणाला दिसला नाही.

राज्य पुन्हा बदलायला नऊ वर्षं लागली. बेपत्ता माणसांच्या चौकशीसाठी एक कचेरी उघडली. बापलेक ते कापडी धड दोघांत धरून तिथे घेऊन गेली. पहारेकऱ्याला वाटलं कुणी नाटकवाले आलेत. आतून एकशे एकसष्ट पट्ट्या निघाल्या. कचेरीतल्या तरुण अधिकाऱ्याने सगळं लिहून घेतलं आणि शेवटी विचारलं, “आधीच्या दोनशेंचं काय?”

“जाळल्या.”

“नावं आठवतात?”

“वाचलीच नाहीत.”

“का?”

मास्तरांनी टेबलाकडे पाहिलं. “वाचायची नव्हती,” ते म्हणाले. अधिकाऱ्याने तेही लिहिलं.

यादी भिंतीवर लागली. ज्यांना यादीत आपलं माणूस सापडलं नाही, ते दुकान शोधत यायला लागले. पहिली आली ती पन्नाशीची एक परिचारिका, भावाची चौकशी करत. मास्तर हात जोडून म्हणाले, “बाई, नाव मला सांगता येणार नाही.” ती उठायला लागली, तेव्हा त्यांच्या तोंडून निघालं, “कोट कसा होता?”

“निळा,” ती म्हणाली. “निळाच.”

“बटणं दोन रांगांत की एका?”

तिने डोळे मिटले. “दोन रांगांत. जुना होता, वडिलांचा. खांदे असे मोठे. दादा बारीक, तो त्यात बुडायचा.”

“पाती वर टोकदार? खालचं एक बटण वेगळं, शिंगाचं?”

बाईंनी तोंडावर हात घेतला. मास्तरांना तो कोट पुरता आठवत होता. लढाईच्या आधीचं काम, आत घोड्याचे केस, डाव्या बाहीला अस्तराची बारीक दुरुस्ती. ऑक्टोबरातलं दुसरं गाठोडं. नाव चुलीत गेलं होतं, कोट डोक्यात राहिला होता.

मग ते तसंच चालू झालं. मुलगी वही घेऊन शेजारी बसायची. मास्तर विचारायचे, कॉलर रुंद की अरुंद, पाठीला एक फट की दोन, पँटला दुमड होती का. लोकांना माणसाचा चेहरा सांगताना रडू यायचं, कोटाचं सांगताना ते विचार करून नीट सांगायचे. कित्येकदा मास्तर मान हलवून म्हणायचे, “असा माझ्या हाताखालून गेला नाही.” तेवढ्यानेही काही लोक त्यांचे हात धरायचे. एका म्हातारीने मुलाच्या तपकिरी चौकड्यांच्या कोटाचं वर्णन इतकं बारकाईने केलं की संशयाला जागा राहिली नाही. तिच्या हातातली पिशवी, तिचा कापणारा ओठ पाहून मास्तर म्हणाले, “नाही आजी, असा नव्हता.” ती आशीर्वाद देऊन गेली. मुलीने वही मिटली. “बाबा, हे करायचं नाही. मला कुणी असं सांगितलं असतं तर मी अजून वाट बघत बसले असते.” दुसऱ्या दिवशी मास्तर पत्ता शोधत म्हातारीकडे गेले. परत आले तेव्हा त्यांच्या गालावर ओरखडे होते. मुलीने विचारलं नाही, पाण्याने पुसून दिले.

त्यांची शेवटची दोन वर्षं यातच गेली. दृष्टी अधू झाली होती, शिवण सुटली होती. मुलीने खिडकीत शिवणयंत्र टाकून बायकांचे कपडे शिवायला घेतले होते. दुसरं लग्न कर म्हणून मास्तर एकदाच बोलले. ती म्हणाली, “बघू.” पुढे कुणीच काही बघितलं नाही.

एका सकाळी तिशीतला एक माणूस आला, वडिलांसाठी. कारखान्यात मोजमाप तपासणारा होता, म्हणून बोलणं नेमकं. घरूनच सगळं कागदावर लिहून आणलं होतं. कागद पुढे करत म्हणाला, “काळा. एका रांगेत दोन बटणं. पाती अरुंद. तयार घेतला होता, दुकानातून. साइज चाळीस.”

“आत नाव?”

“तयार कोटात नाव कोण घालतं?”

तसे कोट शेवटच्या महिन्यांत बरेच आले होते. आत टाके नाहीत, कॅनव्हास डिंकाने चिकटवलेला. धुतला की छातीवर बुडबुडे यायचे. एका साच्यातून निघालेले, अंगठा फिरवावा तर सगळीकडे तेच गुळगुळीत. मास्तरांनी डोळे मिटून बराच वेळ आठवायचा प्रयत्न केला. बाहीवर डाग, फाटलेला खिसा, बदललेलं बटण, काही असेल तर सांगा म्हणाले. माणसाने कागद उलटा करून पाहिला. मागे काही लिहिलेलं नव्हतं.

“वडील फार जपून वापरायचे,” तो म्हणाला.

“तसे खूप होते, बाळा. तीसेक असतील. त्यांतला तुमचा कोणता होता की नव्हताच, ते मला नाही सांगता येणार.”

माणूस बसून राहिला. मुलीने यंत्र थांबवलं आणि त्याला पाणी आणून दिलं. त्याने ते घेतलं, प्यायला नाही. मग म्हणाला, “मी थोडा वेळ इथे बसू का?”

“बसा की,” मास्तर म्हणाले, आणि मुलीने त्याच्यासाठी आपली खुर्ची भिंतीशी सरकवली.